अप्पांच्या तोंडातलं पदक

“मास्तर, तोंड उघडा,” मॅडम म्हणाल्या.

आता हे वाक्य त्या दिवसातून शंभर वेळा म्हणतात, दाताच्या डॉक्टरच आहेत त्या. पण त्या वेळी आम्ही दवाखान्यात नव्हतो ना! विट्यात, भर रस्त्यात, मारुतीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर उभे होतो. मॅडमच्या सख्ख्या भावाचं लग्न. नवरदेव घोडीवर, मागं ही गर्दी, मॅडम स्वतः करवली, नाकात नथ, डोक्याला फेटा, हातात करा. आणि ज्यांना त्या तोंड उघडायला सांगत होत्या ते मास्तर म्हणजे माझे अप्पा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, एका हातात क्लॅरिनेट आणि दुसरा हात कानशिलावर.

थांबा थांबा, मी मधूनच सुरू केलं. आधीचं सांगितल्याशिवाय तुम्हाला मजा नाही यायची.

तर माझे अप्पा, अंकुशमास्तर, नवनाद ब्रास बॅण्डचे मालक. ह्या घटनेच्या आदल्या वर्षी आटपाडीकडच्या एका गावात जत्रेला बॅण्डच्या स्पर्धा होत्या. अप्पांनी क्लॅरिनेटवर अशी भैरवी वाजवली की पाळण्यात बसलेली माणसं ओरडायची थांबली. पहिला नंबर! माइकवाला सारखं तेच, “शुद्ध सोन्याचं पदक! मंडळी, शुद्ध सोन्याचं!” अप्पांनी पदक गळ्यात घातलं, माइक त्याच्या हातातून काढून घेतला आणि अख्ख्या जत्रेला सांगितलं, “ह्ये पदक मी भिताडाला टांगनार न्हाई. भिताडावर चार पावनं बघत्यात. मी ह्याचा दात करून बसवनार. म्हंजी हसलो की आख्खी वरात बघंल!”

टाळ्या. शिट्ट्या. तुकाकाकांनी, म्हणजे आमचे ढोलवाले, तिथंच ढोलावर एक थाप हाणली.

तुम्ही हसताय, पण अप्पांचा तो सुळ्यामागचा दात सुपारीनं आधीच अर्धा गेला होता, त्यामुळं कल्पना तशी अगदीच वाऱ्यावरची नव्हती. आणि घरात माणूसही होता. माझा विष्णूमामा गलाईवाला. गलाई म्हणजे सोनं भट्टीत घालून शुद्ध करायचं, आमच्या भागातली पोरं ह्या धंद्यासाठी पार कुठं कुठं जातात. मामा कोइमतूरला असतो, पण तेव्हा जत्रेसाठी घरी आला होता. अप्पांनी पदक त्याच्या हातात दिलं. बाजाराच्या दिवशी खुर्ची टाकून कवळ्या बसवणारा एक माणूस यायचा, त्यानं मेणावर दाताचा ठसा घेतला. पुढच्या बाजाराला मामा टोपी घेऊन आला, त्या माणसानं ती मसाला लावून अप्पांच्या दातावर बसवली.

अप्पांनी दात मिटले. परत उघडले. परत मिटले.

“जरा उंच लागतंय रं,” ते म्हणाले.

“मास्तर, सोनं हाय त्ये,” तो माणूस म्हणाला. “नवी चप्पल चावती का न्हाई? चार दिसांत बसंल.”

चार दिवसांत टोपी काही बसली नाही. अप्पाच बसले, डोकं धरून.

आणि काय दुखायचं हो ते! सकाळी उठले की कानशिलं ठणकतायत. जेवताना कानापुढं टक टक आवाज येतोय, आम्हाला समोर बसून ऐकू यायचा, मी म्हणायचे अप्पा शेंगदाणे खाताय का, तर ताटात दहीभात. आणि वरातीत तर विचारूच नका. अर्धा तास वाजवलं की एका बाजूचं डोकं असं धरायचं की डोळ्यात पाणी. तुकाकाका मागं ढोल बडवतायत आणि अप्पा मान वळवून, “तुका, हळू.” परत, “तुका, हळू रं.” शेवटी तुकाकाका म्हणाले, “मास्तर, ह्याच्यापरीस हळू वाजवलं तर लोकं खांदा द्यायला येत्याल.”

मग उपाय सुरू झाले. डोळ्याच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. अप्पांना घोडी स्वच्छ दिसायला लागली, डोकं तसंच. मग पित्त ठरलं. शेंगदाण्याची चटणी बंद, वांगं बंद, चहा बंद, अप्पांनी घरात बोलणंही जवळजवळ बंद केलं, डोकं तसंच. मग सांगलीला नेऊन मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, “मेंदू एकदम व्यवस्थित आहे.” तर आई पटकन म्हणाली, “हाय तर खरं!”

आईचं निदान पहिल्यापासून पक्कं होतं. नजर. पदक मिळालं, अकरा बॅण्डवाल्यांची नजर लागली. रोज संध्याकाळी मीठमोहरी. क्लॅरिनेटला काळा दोरा. कोटाच्या आत बिब्बा. आणि हे करताना तिचा चेहरा असा असायचा ना, की मला वाटायचं, हिला एवढं कसलं दडपण आलंय? नजर लावणारे लांब बसलेत, ही का अपराध्यासारखी करतेय?

आता तुम्ही विचाराल, मग तू काय करत होतीस? मी तेव्हा बारावी होऊन शेटे मॅडमच्या दवाखान्यात मदतीला लागले होते. मॅडम पुण्याहून शिकून नुकत्याच आलेल्या, दवाखाना नवा कोरा. दिवसभर लोकांच्या तोंडात उजेड पाडायचा आणि मॅडम म्हणतील ते हातात द्यायचं, हे माझं काम. म्हणजे दिवसभर दात, संध्याकाळी घरी डोकेदुखी. आणि ह्या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत! लोक येऊन दाताला बोट लावायचे, अप्पा डोक्याला लावायचे. एकदा मी सहज म्हटलं, “अप्पा, मॅडमना दाखवूया का?”

अप्पा म्हणाले, “दुखतंय डोकं आन् दाखवू दात? उद्या पाय मुरगळला तर न्हाव्याकडं नेशील.”

आणि आई तर चुलीवरचं सोडून बाहेर आली. “काय बी गरज न्हाई! दाताला काय धाड भरली? चांगला बसलाय. दाताला कुनी हात लावायचा न्हाई.”

मला वाटलं पदकाची काळजी. विषय संपला.

आणि मग एक दिवस अप्पांनी जेवताना, अगदी मीठ मागावं तसं, सांगून टाकलं. “ही लगीनसराई झाली की क्लारनेट पेटीत. बॅण्ड बशीरचाचा संभाळतील.”

बशीरचाचा म्हणजे आमचे ट्रम्पेटवाले, माणूस सोन्यासारखा, पण नवनाद बॅण्ड अप्पांशिवाय? मला झोपेतसुद्धा अप्पांच्या हातात क्लॅरिनेट दिसायचं. माझे पाळण्यातले सगळे फोटो बघा, एका कोपऱ्यात क्लॅरिनेटचं टोक आहेच. आई उठून आत गेली आणि डबे उघडझाक करत बसली.

तर अशा वेळी मॅडमच्या भावाचं लग्न. बॅण्ड अर्थातच आमचा. आई आणि मी पाहुण्या म्हणून, इस्त्रीच्या साड्या नेसून. वरात निघाली, पोरं नाचायला लागली, मारुतीचं देऊळ दिसायला लागलं. तिथं अप्पा नेहमी एक लांबच लांब वरचा सूर धरतात, घोडीसुद्धा त्या सुराला मान वर करते. अप्पांनी छाती भरली, सूर धरला, चढवला, आणि...

टक!

एवढ्या बॅण्डमध्ये मला ऐकू आलं. सूर मध्येच तुटला. अप्पांनी क्लॅरिनेट खाली घेतलं आणि कानशील धरून रस्त्यात उकिडवे बसले. तुकाकाकांना मागून दिसलं नाही, ते बडवतच राहिले, त्यामुळं पोरंही नाचतच राहिली, अप्पांच्या भोवतीनं! एकाला वाटलं ही नवीन स्टेप आहे. तोही उकिडवा बसला.

आई धावली. आता लग्नाला येताना बाई पर्समध्ये काय आणेल? कंगवा, रुमाल. आमच्या आईनं मीठमोहरी आणली होती! भर वरातीत मूठ काढली आणि अप्पांवरून उतरवायला लागली, “इडा पिडा जाऊ दे, आल्यागेल्याची, बॅण्डवाल्याची...” नवरदेवाच्या आजीला वाटलं नवऱ्या मुलासाठीच चाललंय. तिनं नातवाला हाक मारली, “अरे वाक की!” तो बिचारा घोडीवरून मुंडावळ्या सांभाळत वाकला. आईच्या मुठीखाली आता दोन डोकी. घोडीनं ते मीठ हुंगलं आणि आईची मूठच चाटायला लागली.

तेव्हा मॅडम आल्या. हातातला करा माझ्याकडं दिला, शालू गोळा करून अप्पांच्या समोर खाली बसल्या, आणि दोन्ही हातांची बोटं अप्पांच्या कानांपुढं ठेवली.

“मास्तर, तोंड उघडा.”

“हितं?”

“इथंच. हळूहळू.”

अप्पांनी उघडलं. आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं हो! आमच्या घरात जुन्या टेबलाचा खण आहे, एका बाजूनं अडकतो, ओढला की आधी तिरका येतो आणि मग धाडकन सुटतो. अगदी तस्संच. जबडा आधी डावीकडं गेला, टक झालं, मग सरळ आला.

“मिटा. मिटताना कुठला दात पहिला लागतो?”

अप्पांनी सोन्याच्या दातावर बोट ठेवलं.

“ही टोपी कधी बसवली?”

“टोपी न्हाई ती,” अप्पा तशा अवस्थेत, रस्त्यात बसून, ताठ होऊन म्हणाले. “पदक हाय.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “डोकं कधीपासून दुखतंय?” आणि अप्पा उत्तर देणार तेवढ्यात आई मध्येच, “त्याचा दाताशी काय संबंध न्हाई!” इतक्या जोरात, की घोडीनंही मूठ चाटायचं सोडलं.

बशीरचाचांनी वरात पुढं नेली. नवरा वेळेवर मांडवात उभा राहिला, काळजी नको.

सोमवारी अप्पा खुर्चीत. स्वतःहून आले नाहीत. मॅडमनी बशीरचाचा आणि तुकाकाकांनाच सांगून ठेवलं होतं, ते दोघं दोन बाजूंनी धरून घेऊन आले, पोलीस आणतात तसे. आई मागून आली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, कानापर्यंत.

मॅडमनी आधी कुठलंही हत्यार हातात घेतलं नाही. म्हणाल्या, “मास्तर, दोन्ही हात कानशिलांवर ठेवा. आता दात दाबा.”

तुम्हीही करा ना! करा, लाजताय काय. कानशिलावर बोटं, आणि दाढा दाबा. हललं ना काहीतरी बोटाखाली? हललं ना? तो चावायचा स्नायू आहे! तो जबड्यापासून पार वर डोक्यावर पंख्यासारखा पसरलेला असतो. मी इतके महिने दवाखान्यात होते आणि मला हे त्या दिवशी कळलं. अप्पा दात दाबतायत, सोडतायत, दाबतायत, “आयला! डोक्यात चावतंय की माणूस!”

“तेच सांगतेय,” मॅडम म्हणाल्या. “तुमचा एक दात उंच आहे. केसाएवढाच. पण तोंड मिटलं की तोच आधी लागतो, म्हणून जबडा त्याला चुकवून वाकडा मिटतो. दिवसभर वाकडा. झोपेत तुम्ही दात खाताय, तेही वाकडे. कानापुढचा सांधा त्यानं कुरकुरतो, हे स्नायू थकतात, आणि वर तुम्ही तासन् तास क्लॅरिनेट धरता. मग डोकं दुखणार नाही तर काय होणार?”

“म्हंजी क्लारनेटनं न्हाई?”

“क्लॅरिनेटनं आधी दुखत होतं का?”

“तीस वर्सं वाजवतोय, कधीच न्हाई.”

“मग?”

अप्पांनी परत एकदा दात दाबून कानशील चाचपलं. मॅडम पुढं म्हणाल्या, “सगळ्यांची डोकेदुखी अशी दातातून येत नाही, म्हणून तुम्ही डोळे आणि मेंदू तपासलात ते बरंच केलंत. पण तुमची इथून आहे असं मला वाटतंय. बघूया.”

मी निळा कागद दिला. पातळ कागद असतो, तो दातांत धरून चावलं की जिथं दाब पडतो तिथं निळा ठिपका उठतो. अप्पांनी टक टक चावलं. मॅडमनी आरसा घातला, मला जवळ बोलावलं, तुकाकाकाही न बोलावता आले. बाकीच्या दातांवर कुठं एखादा पुसटसा डाग. आणि सोन्याच्या दातावर, बरोबर मधोमध, हा निळाभोर टिळा!

“पंगतीत सगळे उपाशी बसलेत,” मॅडम म्हणाल्या, “आणि हा एकटाच जेवतोय.”

तुकाकाका म्हणाले, “पदक मिळाल्यावर असंच हुतंय.”

“आता सोपं आहे,” मॅडम म्हणाल्या. “हा निळा ठिपका आहे ना, तेवढाच घासायचा. परत कागद, परत घासायचं. टोपी काढायचीसुद्धा गरज नाही. रात्री दातांवर घालायला एक प्लेट करून देते, शेकायचं, थोडे दिवस ऊस, फुटाणे बंद. हळूहळू उतरेल.”

मी यंत्र हातात दिलं. मॅडमनी पाय दाबला. सुंईऽऽ

अप्पांनी तोंड मिटलं.

“मास्तर, उघडा.”

मान हलवली. नाही.

“दुखणार नाही हो. सोन्याला कुठं दुखतं?”

अप्पा म्हणाले, “मॅडम, दुसरा कुठला बी दात घासा. खालचा घासा. म्होरचे दोन घासा. ह्याला हात लावू नका.”

“खालचा चांगला दात मी का घासू?”

“मग ऱ्हाऊ दे.”

“राहू दे म्हणजे? मग डोकं राहणार. आणि असंच चालू ठेवलंत तर सांधा अजून बिघडणार, मग क्लॅरिनेट सोडावंच लागेल तुम्हाला.”

“सोडतो,” अप्पा म्हणाले.

मी हातातली ट्रेच खाली ठेवली. तीस वर्षं! माणूस तापात वाजवायला गेलाय, माझ्या बारशाला स्वतःच वाजवलंय, आणि केसाएवढं सोनं घासायचं म्हणून सोडतो? माझा तोल गेला. “अप्पा, एका पदकापायी? त्या जत्रेतल्या पदकापायी तुम्ही क्लॅरिनेट सोडणार? लोकांनी हसावं अशी गोष्ट आहे ही!”

“तुला कळायचं न्हाई,” अप्पा म्हणाले आणि खुर्चीतून उतरायला लागले. मॅडमनी त्यांच्या गळ्यात बांधलेला निळा रुमाल तसाच.

आणि स्टुलावरून आई उठली.

“घासा मॅडम,” ती म्हणाली. “घासा तुमी. पदक न्हाई त्ये.”

मॅडमच्या हातातलं यंत्र तसंच राहिलं.

“पदक पितळंचं हुतं,” आई म्हणाली. एकदा तोंड उघडलं ते बंदच होईना, “विष्णूनं कसोटीवर घासलं, त्यावर आशिडाचा थेंब टाकला, तर हिरवा फेस आला. त्यो म्हनाला, आक्का, दाजींस्नी कसं सांगू? ह्यांनी तर आख्ख्या जत्रंला सांगून ठिवलेलं! मी म्हनलं सांगू नगंस. मी माझी कानातली फुलं काढून दिली. आईनं लग्नात घातलेली. त्याची टोपी झाली. पदक हाय अजून, ज्वारीच्या कनगीत तळाला. आन् तवापास्नं ह्यांचं डोकं दुखतंय, मला वाटलं खोटं बोलले म्हनून दुखतंय, बाईमानसाच्या कानातलं गड्याच्या तोंडात घातलं म्हनून दुखतंय. रोज मीठमोहरी उतरीत हुते मी. दात काढला तर समदं भायेर यील म्हनून हितं येऊ दिलं न्हाई. आता घासा. पार घासून टाका. पर ह्यांचं वाजवनं बंद करू नका.”

आणि तिनं पदर मागं घेतला. कानात दोन खड्यांची फुलं, बाजारात पत्र्याच्या डबीत मिळतात तसली, पॉलिश उडालेली. एक वर्ष, अख्खं वर्ष मी त्या बाईसमोर जेवत होते आणि मला दिसलं नव्हतं.

तुकाकाका छताकडं बघत होते. बशीरचाचा उगीच पाण्याचा नळ बघायला गेले. मी अप्पांकडं बघायला घाबरत होते. मला वाटलं, झालं, माणूस मोडला आता. जत्रेतला पहिला नंबर, माइक, शिट्ट्या, सगळं पितळ.

अप्पा खुर्चीच्या काठावर बसले होते. ओठांना निळा रंग लागलेला. म्हणाले, “ठाव हाय मला.”

“काय ठाव हाय?” आई.

“पदक पितळंचं हाय त्ये.”

“आँ?”

“अगं, आज्यापास्नं पितळ वाजवतोय, पितळ पुसतोय, पितळंवर पोट हाय आपलं. मला पितळ कळायचं न्हाई व्हय? जत्रंतनं येताना टेम्पोत नख मारून वाजवलं. टिंगऽऽ करून लांबपातूर गेलं. सोनं असं गात न्हाई. पर मागं सगळी पोरं नाचत हुती, काय सांगू त्यास्नी? म्हनलं विष्णू परत आणून दील, म्हनंल जमत न्हाई दाजी, म्हंजी माझी बी सुटका. तर त्यो टोपी घिऊन आला! पिवळीधमक! आन् मी घरात येऊन बघतो तर तुझ्या कानात ही डबीतली फुलं.”

आईचा हात आपोआप कानाकडं गेला.

“मग बोलला का न्हाई?” आई म्हणाली. आवाज चढला होता. “वरीसभर डोकं धरून बसला, मी मीठ उतरून उतरून दमले, बोलला का न्हाई?”

“तू बोललीस का?”

“मी कशी बोलू?”

“मग मी कसा बोलू? तुझ्या आईचं सोनं हाय. त्ये मी घासू देऊ? त्याची भुकटी हितल्या पाण्याबरूबर गटारात जाऊ देऊ?” त्यांनी थुंकायच्या भांड्याकडं बोट केलं. “त्यापरीस ऱ्हाईना का दुखत.”

आई रडेल असं मला वाटलं. आईनं काय करावं? ती तरातरा खुर्चीपाशी गेली, अप्पांच्या खांद्याला धरून त्यांना मागं रेटलं आणि मॅडमना म्हणाली, “माझं सोनं हाय नव्हं? मग मी सांगती. घासा!”

मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, पण यंत्र हातात होतं, त्यामुळं पुसता येईना. म्हणाल्या, “प्रतीक्षा, माझे डोळे पूस आधी. नाहीतर मी भलताच दात घासेन.”

मी पुसले. अप्पांनी तोंड उघडलं. जास्त नाही हो, चारदोन वेळा सुंई, मध्ये मध्ये निळा कागद. शेवटच्या वेळी आरशात बघितलं तर सगळ्या दातांवर छोटे छोटे निळे ठिपके, पंगत बसल्यासारखे. अप्पांनी दात मिटले. उघडले. मिटले. आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू एक वर्ष घरात फिरणारा एक पाहुणा कुठंतरी उठून गेला.

“बसला,” ते म्हणाले.

डोकं त्या दिवशी थांबलं नाही, खोटं कशाला सांगू. प्लेट झाली, रोज शेकणं झालं, अप्पा रात्री प्लेट घालून झोपायचे आणि आईला काही सांगायचं असलं की खुणा करायचे, आई म्हणायची हे लग्नानंतर लगेच व्हायला पाहिजे होतं. महिना-दीड महिना गेला असेल. एका वरातीत अप्पांनी तो मारुतीपुढचा सूर धरला, आणि सोडलाच नाही. मागं वळून म्हणाले, “तुका, जोरात!” तुकाकाकांनी त्या दिवशी ढोलाचं कातडं फोडलं.

मग पुढच्या वर्षी परत त्याच गावची जत्रा, परत स्पर्धा. अप्पांचा दुसरा नंबर आला. पदक मिळालं, माइकवाला तोच, परत सुरू, “शुद्ध...” अप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. पदक कानाशी धरलं, माइक जवळ ओढला आणि पदकाला नख मारलं.

टिंगऽऽऽ

चारी कर्ण्यांतून अख्ख्या जत्रेवर गेलं ते. अप्पा तो सूर संपेपर्यंत मान डोलवत ऐकत राहिले आणि मग असे हसले, असे हसले, की सोन्याचा दात मला मागच्या रांगेतून दिसला.

माझ्या शेजारी आई बसली होती. तिच्या कानात नवी फुलं, खरी, त्याच लगीनसराईत अप्पांनी केलेली. तिनं दोन्ही तळवे दोन्ही कानांवर गच्च दाबले आणि मला म्हणाली, “सांग तुझ्या बापाला. ह्या वक्ताला न्हाई म्हनावं.”